मागे पाहणाऱ्या दोन चंद्रकोरी

एलिसेओ दोन दिवस जेवला नसावा, हा विचार हिलारियाच्या डोक्यातून काही केल्या जाईना. पुरावा असा काहीच नव्हता. बुधवारी फोनवर त्याचा आवाज कोरडा वाटला, एवढंच. पण सेहेचाळीस वर्षांच्या लेकाच्या पोटात काही आहे की नाही हे आईला आवाजावरून कळतं, आणि एकदा कळलं की तिच्याही घशाखाली घास उतरत नाही. आज शुक्रवार. सकाळी उकडलेली रताळी ओट्यावर तशीच पडून होती.

एलिसेओ बेटाच्या पूर्व टोकाला, पोइके डोंगराच्या पायथ्याशी एकटा राहायचा. पूर्वजांच्या दगडी ओट्यांवर घोडे चढू नयेत, पाहुण्यांनी मूर्तींना हात लावू नये, एवढं पाहायचं त्याचं काम. पाहुणे चारच्या सुमारास परत फिरत. मग तो, वारा आणि घोडे. खोपटात फोन लागत नसे. रोज पाच वाजता तो टेकडीवर चढायचा, तिथं अर्धा तास फोन चालू ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचा. आईशिवाय, म्हणजे त्याच्या 'नुआ'शिवाय, त्याला फोन करणारं फारसं कुणी नव्हतं.

तो पहिल्यापासूनच हळू. चर्चमध्ये सगळ्यांचं गाणं संपलं की याची शेवटची ओळ एकटीच ऐकू यायची. चहात डब्यातलं घट्ट दूध इतकं घालायचा की चमचा उभा राहावा. मुख्य भूमीवरची बायको करून आणली तेव्हा हिलारियाला वाटलं, आता हा जरा पाय उचलेल. बायकोनं नऊ वर्षं वाट पाहिली आणि दोन्ही मुलींना घेऊन वाल्पाराइसोला परत गेली. त्यात तिचं फार चुकलं असं हिलारियालाही कधी म्हणता आलं नाही. हिलारिया स्वतः त्याच शहरात शिकली होती. तिथून आलेल्या माणसाला इथला वारा कसा लागतो ते तिला ठाऊक होतं.

त्यानंतर सात महिने एलिसेओ कुणाशी बोलला नाही. आणि एके दिवशी त्यानं भिंतीवरची आजोबांची फळी उतरवली.

निकोनोरे आजोबा, म्हणजे हिलारियाचे वडील, नावाजलेले कोरीवकाम करणारे. जुनी फळी किड्यांनी खाल्ली म्हणून तिच्यावरून त्यांनी ही नवी कोरली होती. माणसं, पक्षी, मासे आणि चंद्रकोरींची एक लांबलचक रांग. एक ओळ संपली की फळी उलटी फिरवायची, म्हणजे पुढची ओळ सुलटी होते. कोरतानाही तसंच, वाचतानाही तसंच. अर्थ मात्र आजोबांनाही येत नव्हता. ज्यांना येत होता ते केव्हाच गेले. एलिसेओ ती फळी मांडीवर घेऊन तासन् तास फिरवत बसायचा. मग एकदा पाच वाजता फोन आला. सात महिन्यांनी त्यानं आपण होऊन केलेला पहिला फोन.

"नुआ, मला कळलंय! एक कोर म्हणजे एक रात्र. मातारिकीचा तारकापुंज संध्याकाळी दिसेनासा होतो ना, तिथपासून पहाटे परत उगवेपर्यंत. बावन्न कोरी, बावन्न रात्री."

"जेवलास का?" हिलारियानं विचारलं होतं.

"अगं, ऐक तरी! त्यातल्या शेवटच्या दोन कोरी उलट्या तोंडाच्या आहेत. मागे पाहतात त्या. त्या थांबण्याच्या रात्री आहेत. मातारिकी परतताना दर वर्षी दोन रात्री रेंगाळतेच, तेव्हा कुणी घाबरू नये, वाट पाहावी, असं सांगितलंय पूर्वजांनी."

हिलारियाला मात्र खरं ठाऊक होतं. त्या दोन कोरी पूर्वजांच्या नव्हत्या. तिच्या होत्या.

ती नऊ वर्षांची होती. वडील रताळी खणायला मागच्या मळ्यात गेले आणि तिनं कोरायचा मुशी माशाचा दात उचलून ओळीच्या शेवटी उरलेल्या जागेत दोन कोरी काढल्या. फळी फिरवायची असते हे घाईत विसरली, म्हणून त्या उलट्या झाल्या. वडील आले, पाहिलं आणि खो खो हसले. "राहू दे. रिकामं लाकूड वाईट दिसतं," म्हणाले. नंतर हे कुणी कधी बोललं नाही. आणि अकरा वर्षांपूर्वी फोनवर एलिसेओ लहान मुलासारखा धापा टाकत बोलत होता, तेव्हा तिच्याच्यानं सांगवलं नाही. आज नको, मग सांगू. त्या 'मग'ला अकरा वर्षं झाली.

तेवढ्या काळात एलिसेओनं खोपटाची आतली भिंत कोळशाच्या रेघांनी भरून टाकली. गावात त्याला बावन्नच म्हणायला लागले. "काय बावन्न, आज कितवी रात्र?" तोही हसून आकडा सांगायचा. हिशेब मात्र कधी पुरता जमला नाही. कधी सुरुवातीला ढग, कधी शेवटी. येत्या रविवारी मातारिकीच्या नव्या वर्षाला शाळेच्या सभागृहात गावापुढं तो पहिल्यांदाच बोलणार होता. थोरली नात आना उद्याच्या विमानानं येणार होती, अकरा वर्षांनी, बापाचं बोलणं ऐकायला. "तू माझ्या शेजारी उभी राहा, नुआ," त्यानं सांगून ठेवलं होतं. "हे आजोबांच्या हातचं आहे, एवढंच म्हण."

आणि बुधवारी तो फोन.

"मातारिकी काल पहाटे दिसली, नुआ. दोन दिवस आधीच. पन्नासाव्या रात्री."

"ढग असतील. मोजण्यात काही..."

"यंदा दोन्ही टोकांना आभाळ स्वच्छ होतं. तीनदा मोजलं मी. फळी खोटं बोलणार नाही. माझंच काहीतरी गेलंय, डोळे नाहीतर डोकं. अकरा वर्षं मी भिंत काळी केली, दुसरं काय? शाळेत कळवतो, मी बोलणार नाही म्हणून. आनालाही सांग, येऊ नकोस. कशाला तिनं एवढ्या लांब..."

पुढचं वाऱ्यात गेलं. काल पाच वाजता त्याचा फोन लागला नाही.

आज दुपारी शेजारची पेलाजिया ट्यूनाचा तुकडा घेऊन आली. ओट्यावरची रताळी पाहून तिनं भुवया उंचावल्या.

"अगं बाई, उद्या नात येणार आणि घरात सुतकी तोंड! केळ्यांचं गोड पोए करायला घेतलंस का? केळी माझ्याकडची ने. आणि आपला बावन्न केव्हा येतोय गावात? केस कापून ये म्हणावं. नाहीतर पोरगी विमानातून उतरून बापाऐवजी घोड्याला मिठी मारायची."

हिलारियाला हसू आलं नाही.

"पेलाजिया, एखादी गोष्ट सांगायला फार उशीर झाला असेल तर?"

"कुणाला सांगायची आहे?"

"एलिसेओला."

"त्याला?" पेलाजियानं मासा ताटलीत ठेवला. "तो चर्चमध्ये आमेनसुद्धा सगळ्यांच्या नंतर म्हणतो. त्याला उशिराचं काय सांगतेस!"

ती गेल्यावर हिलारियानं मासा झाकून ठेवला, केळी सोलायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली. सांगितलं तर थांबण्याच्या रात्री जातील. त्या दोन कोरींना तो कधी मुलींची नावं देत नसे, पण तिथं आला की त्याचं बोट थांबायचं. तिनं पाहिलं होतं. ते बोट एका पोरीच्या खोडीवर थांबत होतं, आणि ती पोर आता म्हातारी होऊन रोज फोनवर "जेवलास का" एवढंच विचारत होती. तो चिडेल. कदाचित रविवारी शेजारी उभंही राहू देणार नाही.

आणि नाही सांगितलं तर तो फळी सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेईल. पहिला स्वतःवर.

बावन्नातून दोन गेले की पन्नास. यंदा मातारिकीसुद्धा पन्नासावरच आली होती. बुधवारपासून ही वजाबाकी ती ओट्याशी, अंथरुणात, चर्चच्या दारात करत होती, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. तो चुकला नव्हता. अकरा वर्षांत एक दिवसही चुकला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं होती. आत्ता तो चढत असेल. किंवा नसेल. आना उद्या दुपारी उतरेल. तिला येऊ नकोस असं हिलारियानं कळवलेलंच नव्हतं. तिनं केळ्याचा चीक हाताला लागला होता तो पुसला, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि फोन मांडीवर घेऊन बसली. पहिलं वाक्य काय, ते तिनं ठरवून टाकलं. जेवलास का, हे आज नंतर विचारायचं.

पाच वाजले. तिनं नंबर लावला.