टाकीतल्या माशाची दोरी

सन २०२३. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत, पण आमच्या वाडीच्या रापणीत माझ्या शब्दाशिवाय जाळं पाण्यात पडत नाही. मिरवायला सांगत नाही, तसं आहे.

रापण म्हणजे होडीने समुद्रात गोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरीने ओढायचं मोठं जाळं. आमची रीत अशी, की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो वाडीतला असो नाहीतर वाटेने जाणारा पाहुणा. हल्ली मात्र नुसते हात सोलवटतात आणि जाळ्यात शेवाळ येतं. ट्रॉलर बाहेरच्या बाहेर समुद्र खरवडून नेतात.

त्या वर्षी माझी पुतणी पुण्याहून आली. ती शास्त्रज्ञ. माशाच्या इवल्याशा तुकड्यापासून टाकीत माशाचं मांस वाढवते. काटा नाही, डोकं नाही. देवळासमोर सगळ्यांना बसवून म्हणाली, असा मासा येणारच, भांडायचं ते टाकी कुणाची यावर. किनाऱ्यावरच्या टाक्या गावांच्याच मालकीच्या राहतील असा कायदा तिला सरकारकडून करून घ्यायचा होता. आणि पहिली टाकी बसवायला ती आमचा जाळी ठेवायचा मांगर मागत होती. मांगराची चावी माझ्या कमरेला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, समुद्र न बघितलेल्याला मासा म्हणायचं तर पोरांच्या खेळण्यातल्या गाडीला एसटी म्हणा. लोक हसले. तीही हसली, पण जागची हलली नाही.

मग मी मनातलं विचारलं. "तुझ्या टाकयेक दोरी खंय आसा गो? हात लायल्याशिवाय वाटो खाणारो मी न्हय."

ती म्हणाली, "काका, तीच दोरी माका कायद्यात घालूची आसा. टाकयेर जो राबात, तेका वाटो. आता धरली नाय तर उद्या कंपनीवाले टाकी घेवन येतले, आणि आपण पिशयी घेवन रांगेत."

मी उठून चालू लागलो. समोरच्यासमोर हो म्हणणं आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही, तिलाही नाही. पण घरी जाताना वाटलं, पोरगी पुण्याला जाऊनही रापण विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मांगर उघडला. जुनी जाळी माझ्या पडवीत न्यायला बाहेर काढू लागलो. पुतणी आली, तेव्हा दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.