सहीची शेपटी

तळेगावच्या सदाशिवला मी फसवलं. त्याच्या आधी नागपूरच्या एका अडत्याने मला फसवलं होतं. अडत्याची गोष्ट मी आर्वीच्या बाजारात कितीदा तरी सांगितली आहे, शिव्यांसकट. सदाशिवची कुणापाशीच काढली नाही — बायकोपाशीसुद्धा.

मोटार-अड्ड्यावर टोपलीत संत्री विकणारा मी, बागाच्या बागा घेऊ लागलो होतो. त्या अडत्याने मला चेक दिला. टपालाने गेला, आठवड्याने परत आला — सही जुळत नाही म्हणून. तो हसून म्हणाला, हात थरथरला असेल. मी तणतणलो. पण घरी येताना काय शिकत आलो, सांगू? पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर देणाऱ्याची अब्रू जाते. सही चुकली म्हणून आला तर नुसते दिवस जातात. तेही दुसऱ्याचे.

पुढच्या फाल्गुनात सदाशिवच्या संत्र्याच्या बागेतला मृगबहाराचा माल मी घेतला. त्याला विहिरीवर जुनं इंजिन बसवायचं होतं. पाणी खोल गेलं होतं, मोट पुरत नव्हती. इंजिनवाला थांबायला तयार नव्हता. हे सगळं सदाशिवने मला सांगितलं होतं. माझा पैसा मालात अडकलेला. मी चेक लिहिला आणि सहीची शेपटी ओढलीच नाही. चुकून? नाही.

परत आलेला चेक घेऊन तो माझ्या ओट्यावर बसला.

"मेल्या माणसाची खबर तारेनं त्याच दिवशी येते, शेटजी. मंग या कागदाची काऊन येत नाई? बँकेत सारे आंधळे बसले हाय का?"

मीही बँकेला शिव्या दिल्या आणि दुसरा चेक लिहिला, शेपटीसकट.

"जाऊ द्या, तुमी कायले जिवाले लावून घेता," तो म्हणाला. तो माझी समजूत घालत होता.

तो चेक वटला. तोवर इंजिन दुसऱ्याने नेलं होतं. वैशाखात त्याची झाडं उभी वाळली.

आता मी चेकवर सही आर्वीच्या बँकेत, बाबूसमोर करतो. माझ्या सहीचा नमुना त्याच्याकडे आहे. माझं खातं नागपूरच्या बँकेत; तिथूनच माझ्या खर्चाने त्या बँकेला तार जाते, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर येतं — खात्यात पैसे आहेत. माल देणारा त्याच दिवशी निर्धास्त होतो. टपालाच्या थैलीत लबाडीला लपायला जागा उरत नाही. बाकीचे व्यापारी हसतात. हसोत. मी हा नियम मोडणार नाही.

पण तारेने वाळलेलं झाड फुटतं का?

अडत्याने मला जाब द्यावा, हे मी अजूनही म्हणतो. मात्र सदाशिवच्या बागेचा जाब त्याच्या अंगावर ढकलता येत नाही. उद्या पहिल्या मोटारीने तळेगावला जातो. या वेळी त्याच्या ओट्यावर मी बसेन, आणि त्या दिवशी सही कशी केली होती ते त्याच्या डोळ्यांदेखत करून दाखवीन. मग त्याने माझ्याकडून जाब घ्यावा. घेतलाच पाहिजे.