जिथं 'नो' लिहिलंय

माझ्या सासऱ्यांनी दोन एकर लावणीसाठी टाकलेलं कांद्याचं रोप मी एका दुपारी बुडवलं, आणि तेही मला इंग्रजी वाचता येत होतं म्हणून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो आणि पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करत होतो. (बारापैकी सात धडे आले होते. रिलेचा धडा आठवा होता, हे मला नंतर कळलं!) अशात धोंड्याचा महिना लागला आणि शिरूरहून सासऱ्यांचं बोलावणं आलं. धोंड्याला जावयाने जेवायचं, तेहेतीस अनारसे घ्यायचे आणि गुमान परत यायचं, असा साधा रिवाज. पण मी ठरवलं, या वेळी जावई काहीतरी देणार!

मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या परसात आडावर अर्ध्या हॉर्सची मोटर होती. तिच्यावर रोपाचे वाफे भिजायचे. मामा गप्पांत रमले की मोटर बंद करायचं विसरायचे. म्हणून मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टायमर बनवला. बटण दाबलं की मोटर सुरू आणि तासाभराने आपोआप बंद. आत एक ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या हुकमावर चालणारा रिले. हुकूम आला की रिलेतली पट्टी 'टक्' करून एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाते, हुकूम संपला की परत येते. मोटरची वायर या दोनपैकी एका टोकाला लावायची होती. एका टोकावर लिहिलं होतं, एन-सी. दुसऱ्यावर एन-ओ. म्हणजे नो!

"कारखानदाराची काळजी बघ," मी बायकोला म्हणालो. "इथं वायर लावायची नाही, असं चक्क लिहून ठेवलंय."

"पण मोटरच्या जागी एकदा दिवा लावून बघा की," शालन म्हणाली.

"दिवा कशाला? टक् वाजतंय ना!"

शिरूरला पोचलो तेव्हा भावकीतली दहा-बारा माणसं जमली होती. मामांनी सगळ्यांना वाफे दाखवले. बोटभर उंचीचं, हिरवंगार रोप! मामांनी त्यावरून असा तळहात फिरवला, जणू नातवाला कुरवाळतायत. मग डबा जोडला. नारळ फुटला. मी बटण दाबलं.

टक्!

मग मोटरचा खटका वर केला. मोटर ढिम्म.

"ट्रान्झिस्टर गेला," मी जाहीर केलं. (ट्रान्झिस्टर गेला असता तर टक् वाजलंच नसतं. पण हे कळायला टाळकं लागतं, आणि माझं ऊन लागून तापलं होतं.) डबा उघडला, नवा ट्रान्झिस्टर जोडला, बटण दाबलं. टक्! मोटर गप्प. आणखी एक बदलला. टक्! भावकी आता माझ्याकडे कमी आणि स्वयंपाकघराकडे जास्त बघू लागली. कारण जावई पाटावर बसल्याशिवाय कुणाचंच पान वाढलं जाणार नव्हतं.

"शालन, त्यास्नी म्हणावं, धोंडं गार झालं," दाराआडून सासूबाई म्हणाल्या.

"जावईबापू, आधी चार घास खाऊन घ्या," मामा म्हणाले. "यंत्र काय कुठं पळून जात न्हाई."

मी चडफडत डबा तसाच चालू ठेवला आणि पाटावर बसलो. आग्रहाचं जेवण तासभर चाललं. मी पुरणाच्या सहाव्या धोंड्याशी झुंजत असताना परसातून 'टक्' आवाज आला, आणि पाठोपाठ मोटर घरघरली!

"चालली! जावईबापूंची मोटर चालली!" भावकी ओरडली.

"थोडा वेळ घेते तापायला," मी मिशीला लागलेलं तूप पुसत म्हणालो, आणि त्याच तोऱ्यात ओसरीवर आडवा झालो.

जाग आली ती शालनने हलवल्यामुळे. चार वाजले होते.

"अहो, उठा! रोप वाहून चाललंय!"

परसात वाफे नव्हते, तळं होतं. बांध फुटले होते आणि कांद्याचं रोप मुळासकट शेजाऱ्याच्या उकिरड्याकडे निघालं होतं. अख्खी भावकी काठावर उभी राहून ते बघत होती. मी धावत जाऊन मोटर बंद केली.

"मामा! तुम्ही बंद का नाही केलीत?"

"आवो, जावईबापूंनी टाइम लावलाय. आपुन मधीच हात कसा घालायचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा डब्याजवळ बसले, आत डोकावले आणि हळूच म्हणाले, "ही वायर हिथनं काढून तिथं लावली तर?"

"तिथं नको! तिथं 'नो' लिहिलंय!"

"लिहू द्या की. ष्टँडवर 'थुंकू नये' लिहिलंय, म्हणून कोण थांबतंय व्हय?"

त्यांनी वायर बदलली. टक्, मोटर सुरू. तासाने टक्, मोटर बंद. आडात पाणी उरलं नव्हतं, वाफ्यात रोप उरलं नव्हतं, पण टायमर बिनचूक चालत होता.

दौंडला सिग्नलच्या एका फिटरने मला अर्थ सांगितला. एन-ओ म्हणजे नॉर्मली ओपन, एरवी तुटलेलं, हुकूम आल्यावर जुळणारं. एन-सी त्याच्या उलट, म्हणून माझी मोटर तासभर गप्प राहिली आणि मग सुटली. "अख्खी रेल्वे रिलेवर चालते," तो म्हणाला, "तुम्ही पार्सलातच बसा."

मामांनी पुन्हा बी टाकलं.

पुढचा धोंडा तीन वर्षांनी आला. जेवायला गेलो, तर परसात मोटरच्या खटक्याशेजारी लाल रंगात वितभर मोठी दोन इंग्रजी अक्षरं रंगवलेली. एन आणि ओ.

"मामा, हे काय?"

"तुमच्याच भाषेत लिवून घेतलंय, जावईबापू," मामा अदबीने म्हणाले. "म्हंजी तुमास्नी वाचता येईल."

या वेळी मी त्याचा अर्थ अचूक लावला.