माहीत नाही मास्तर

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात 'मले माहीत नाही' हे वाक्य उच्चारणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या अमडापुरात राहत होता. बाकी सगळा जिल्हा सर्वज्ञ. एकदा एका ट्रकवाल्यानं आमच्या स्टँडवर दुसरबीडचा रस्ता विचारला. सात जणांनी सात रस्ते सांगितले. त्यांतल्या चौघांनी जन्मात दुसरबीड पाहिलं नव्हतं आणि एक जण तर त्याच दिवशी सकाळी पाहुणा म्हणून गावात उतरला होता. तोही हात लांब करकरून सांगत होता. आठवा माणूस सायकलवरून चालला होता. तो थांबला, खाली उतरला, सायकल स्टँडला लावली, टोपी नीट केली, डोळे मिटून पुरता विचार केला आणि म्हणाला, "मले माहीत नाही."

ट्रकवाला सात जणांवर नाही, त्याच्यावर उखडला. "माहीत नाही तं मंग सायकलवरून उतरले काऊन?"

तो ट्रक पुढं तीन वर्षांनी आंध्रात दिसला म्हणतात. आणि सायकलवाले ते आमचे मास्तर.

मास्तरांना आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण शाळेच्या हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. गाव त्यांना 'माहीत नाही मास्तर' म्हणे, तेही तोंडावर. अंगानं इतके बारीक की वर्गात फळ्याकडे बाजू करून उभे राहिले तर मागच्या बाकावरच्यांना नुसता खडू हलताना दिसे. गणित शिकवत. उदाहरण अडलं की इतर मास्तर पोरांना छडी मारत, हे स्वतःच्या कपाळावर हात मारत आणि म्हणत, "हे मले आज येत नाही. उद्या पाहून येतो." आम्हाला वाटे, हा कसला मास्तर! मास्तराला येत नाही म्हणजे काय? शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना काहीच येत नव्हतं, पण ते एकदाही अडले नव्हते.

त्यांच्या लग्नातली गोष्ट तर मेहकरपासून मलकापूरपर्यंत ठाऊक आहे. मुलीच्या बापानं भरल्या बैठकीत रिवाजाप्रमाणे विचारलं, "जावईबापू, पोरीले सुखात ठेवसान ना?" यावर फक्त मान हलवायची असते. मास्तर म्हणाले, "माहीत नाही. ठेवीन म्हणतो, पण आत्ताच कसं सांगू?" बैठक गार पडली. मागं आचाऱ्यानं कढईतली जिलेबी कढईतच सोडली, ती कोळसा झाली. मुलीकडचे लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात आतून मुलीनंच सांगून पाठवलं, "बाबा, हेच. आधीचे चार पाह्यले, त्या समद्यायले समदंच माहीत होतं." त्याच पुढं आमच्या मास्तरीणबाई झाल्या.

नोकरीत मात्र हे वाक्य मास्तरांना फार महाग पडलं. दरवर्षी तपासणीला साहेब येई आणि विचारी, "तुमच्या वर्गाचा निकाल किती लागेल?" बाकीचे शिक्षक 'शंभर टक्के' म्हणून बसून घेत. मास्तर उभेच राहत आणि खरं ते सांगत. शंभर टक्केवाले एकेक करून मुख्याध्यापक झाले. मास्तर होते तिथंच राहिले, आणि मुख्याध्यापकांचं वेळापत्रकही यांनाच आखून द्यावं लागे.

आता यात मी कुठं आलो ते सांगतो. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि अकोल्याहून बी.कॉम. होऊन मी घरी आलो होतो. मुंबईत नुकतीच एक संस्था निघाली होती, तिथं म्हणे कारखाने कसे चालवायचे ते शिकवत. माझ्या बाबांनी जन्मभर चाळीस माणसं, बारा बैल आणि एक भांडखोर भाऊ चालवला होता, तोही कुठं न शिकता. पण मला शिकायचं होतं. प्रवेशासाठी मोठी परीक्षा होती. दोनशे प्रश्न, प्रत्येकाखाली पाच उत्तरं छापलेली, बरोबर त्यावर खूण करायची. मी दोनशेच्या दोनशे प्रश्नांवर खुणा केल्या, शेवटचा अर्धा तास झोप काढली आणि परत येताना गाडीत पेढे वाटले.

महिन्याभरानं पत्र आलं. पोस्टमननं ते घरी आणण्याआधी पारावर वाचून दाखवलं. दोनशेपैकी पंचवीस.

बाबांनी लगेच रोहिणखेडच्या एका बागाईतदाराला निरोप धाडला. त्याला एकुलती एक मुलगी होती, अकरा म्हशी होत्या आणि घरजावई हवा होता. मुलगी फार चांगली आहे असं सगळे सांगत होते. म्हणजे कुणी पाहिलेली नव्हती. आईनं रडून-भेकून माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलं. "एक डाव अजून," बाबा म्हणाले. "पुढच्या साली पास झाला तं मुंबई. नाही तं म्हशी."

ते पत्र घेऊन मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून वाचलं. खाली बारीक अक्षरात बरोबर किती, चूक किती ते दिलं होतं. मी फक्त मोठा आकडा पाहिला होता.

"गजू, साठ बरोबर आले तुहे," मास्तर म्हणाले.

"मग पंचवीस कसे?"

"एकशे चाळीस चुकले. चुकीच्या एका खुणेले पाव गुण कापते हे लोक. पस्तीस कापले गेले. हे पेपरावर वरतीच छापलं असन. वाचलं नव्हतं काय?"

मी वाचलं होतं. पण प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं असतं, ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरली नव्हती. समोरच्यानं एवढं छापून विचारलं, आणि आपण उत्तर द्यायचं नाही? हे कोणत्या घरचं वळण?

मास्तरांनी चष्मा काढला. "तू काही ढ नाहीस बे. तू अमडापूरचा हायेस, येवढाच तुहा रोग हाय."

त्या रोगावर त्यांनी जो इलाज केला तो जगात दुसऱ्या कुठल्या शिकवणीत झाला नसेल. मला वाटलं होतं, पुस्तकं देतील. त्यांनी मला स्टँडवर बसवलं. रोज सकाळी दोन तास, हॉटेलच्या बाकड्यावर. येणारा-जाणारा जे विचारील त्याचं पक्कं ठाऊक असेल तर उत्तर द्यायचं, नाही तर 'माहीत नाही' म्हणायचं. मास्तर शाळेत जाण्याआधी चहा पीत शेजारी बसून मोजत.

पहिल्या दिवशी एका माणसानं विचारलं, "मेहकर गेली काय हो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच गेली." तो बिचारा चालत निघाला. पाच मिनिटांनी मेहकरची यष्टी आली आणि त्याच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेली. "पाह्य," मास्तर म्हणाले, "माहीत असलेलं उत्तर शांत राह्यते. माहीत नसलेलं लय घाईत राह्यते. तुहं उत्तर कसं आलं?"

"घाईत," मी म्हणालो.

"मंग त्याले येऊ देऊ नको. गिळून टाक."

खोटं सांगत नाही, त्या आठवड्यात मी इतकी उत्तरं गिळली की दोन वेळचं जेवण जाईना. आणि अपमान? एक म्हातारी माझ्यासमोर बोचकं आपटून म्हणाली, "शिकेल-सवरेल दिसतो, अन् येवढं बी माहीत नाही? माय जळो ते शिक्षण!" तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या कानावर गेलं. ते छकडा जुंपूनच आले आणि भर स्टँडवर कडाडले, "काऊन बे, बी.कॉम. होऊन यष्टीचा टाइम सांगता येत नाही? अन् मास्तर, हे पोट्टं शिकून राह्यलं का ईसरून राह्यलं?"

मास्तर उठून उभे राहिले, हात जोडले. "भाऊसाहेब, ईसरूनच राह्यलं."

"याच्यानं पास होईन?"

अख्खा स्टँड कान टवकारून उभा. मास्तरांनी डोळे मिटले, पुरता विचार केला आणि म्हणाले तेच, जे ते म्हणायचे. बाबांनी आकाशाकडे पाहिलं आणि छकडा रोहिणखेडच्या दिशेला वळवला. निदान मला तरी तसं वाटलं.

सकाळी स्टँड, संध्याकाळी पेपर असं वर्षभर चाललं. मास्तर रद्दी कागदावर प्रश्न काढत, पैकी निम्मे माझ्या आवाक्याबाहेरचे, मुद्दाम. मी त्यातला एक सोडला की ते खूश होत आणि मास्तरीणबाईंना हाक मारत, "अवो, सोडला त्यानं! गूळ आना!" गणित सोडवल्याबद्दल मला त्या घरात कधी काही मिळालं नाही. जे सुटले नाहीत त्यांच्यावर मी तीन किलो गूळ खाल्ला असेल. "सोडलेला प्रश्न आपलं काही खात नाही," मास्तर म्हणत. "त्याच्यापाशी बसलेला वेळ खाते."

दुसऱ्या वर्षी पेपर हातात आला तेव्हा माझा हात फुरफुरत होता. शेजारचा पोरगा टपाटप खुणा करत चालला होता. मी चौऱ्याऐंशी प्रश्न कोरे सोडले. प्रत्येक प्रश्न सोडताना घरी आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारल्यासारखं वाटत होतं. पण त्या चौऱ्याऐंशींत जाणारा वेळ बाकीच्यांना मिळाला. एकशे चार बरोबर, बारा चूक, तीन कापले. एकशे एक! अहेराचं पाकीट फोडल्यासारखा आकडा. मुलाखतीत पाच सुटाबुटातले साहेब होते. त्यांनी देशाच्या धोरणांबद्दल तेरा प्रश्न विचारले. नऊ वेळा मी म्हणालो, मला माहीत नाही. साहेब एकमेकांकडे बघायला लागले. असला आत्मविश्वास त्यांनी पाहिला नव्हता. घेतलं मला.

रोहिणखेडच्या म्हशी दुसऱ्या कुणाच्या नशिबी गेल्या. बाबांनी मास्तरांना छकड्यात बसवून, पुढं वाजंत्री लावून गावातून फिरवलं. आणि इथंच सगळा घोटाळा झाला.

मी मुंबईला गेलो. तिथं वर्गात बोलण्याला गुण होते, गप्प बसण्याला शून्य. दोन वर्षांत मी पुन्हा पक्का अमडापूरकर झालो. ते जाऊ द्या. इकडं मास्तरांच्या दारात रांग लागली. चिखली, मेहकर, पार दुसरबीडपासून बाप आपापली पोरं घेऊन येत आणि विचारत, "हा पास होईन का?" मास्तर म्हणत, माहीत नाही. बाप खूश होऊन एकमेकांना कोपरानं ढोसत, "पाह्य, किती नम्र मानूस!" हळूहळू लोक पोरं सोडून भलतंच विचारू लागले. पाऊस कधी, म्हैस कोणती घ्यावी, मुतखड्यावर काय. मास्तर माहीत नाही म्हणाले की लोक म्हणत, सांगत नाहीत, पण समदं ठाऊक आहे. माणूस किती दिवस टिकेल? एका खरिपात एका मोठ्या पाटलानं पाय धरून विचारलं, कापूस पेरू का ज्वारी? मास्तर थकले होते. म्हणाले, "कापूस." आणि नेमका त्या साली कापूस असा पिकला की पाटलाला वाड्यातही गंज्या लावाव्या लागल्या.

झालं! बांध फुटला. वीस वर्षं तुंबून राहिलेली उत्तरं मास्तरांच्या तोंडून वाहू लागली. दारावर पाटी आली, 'हमखास यश'. सुट्टीत मी घरी गेलो तर मास्तर ओट्यावर बसून एकाला मूळव्याधीचं औषध आणि दुसऱ्याला रशियाचं राजकारण एकाच दमात सांगत होते. साहेबाला शंभर टक्के म्हणाले आणि वर्षभरात मुख्याध्यापक झाले.

शिकून झाल्यावर माझ्यापुढं दोन नोकऱ्या होत्या. एक कलकत्त्याची चहाची, एक मुंबईतल्या कापडाच्या गिरणीत. माझी झोप उडाली होती. मी गाडी धरून अमडापूरला आलो, केवळ एवढ्यासाठी की मास्तर डोळे मिटतील, पुरता विचार करतील आणि माझं मलाच ठरवायला लावतील. मी प्रश्न निम्मा केला असेल-नसेल, तोच मास्तर म्हणाले, "गिरणी! निखालस गिरणी! चहा सोडला तरी मानूस जगते. नागडा राह्यते का? कापडाची गिरणी कधी बंद पडत नसते."

मी पाया पडलो आणि गिरणीत गेलो. आठव्या वर्षी फाटकाला जे कुलूप लागलं ते काही पुन्हा निघालं नाही. त्याच सुमारास मास्तर गेले. मी तेव्हा रिकामाच होतो, दहाव्याला गेलो. ओट्यावर हीऽ गर्दी. जो तो मास्तरांनी काय काय आधीच सांगितलं होतं ते सांगत होता आणि प्रत्येकाचं खरं झालं होतं.

आत मास्तरीणबाई एकट्या होत्या. मला चहा दिला, समोर पाटावर बसल्या.

"गजू," त्या म्हणाल्या, "मी ज्याइच्याशी लग्न केलं ते मास्तर तं लय वरसं आधीच गेले होते रे. हे असे काऊन झाले असतीन? तू तं जवळून पाह्यलं त्यायले."

उत्तर मला ठाऊक होतं, ते माझ्या एकशे एकापासूनच सुरू होत होतं, आणि ते अगदी शांत होतं. मी खाली मान घालून त्यांच्या हातचा चहा पीत राहिलो.