लॅडर काढून टाकलं तेव्हा

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी लागले, तेव्हा जिवाला चैन म्हणून नव्हती. सोबतच्या मैत्रिणी पुण्यात पायथनमध्ये काम करत होत्या आणि माझ्यासमोर होतं लॅडर. मशिनी चालवणारा छोटा कॉम्प्युटर पॅनेलमध्ये असतो, त्याची ही जुनी भाषा. वाचायची कमी, बघायची जास्त. दोन उभ्या रेघा, मधे शिडीसारख्या पायऱ्या, पायरीवर स्विचांच्या खुणा. स्विच लागला की रेघ हिरवी होते. शिड्या काढायला इंजिनिअर झालो का आपण, असं वाटायचं.

तिथले इलेक्ट्रिशियन काका हदगावकडचे. शाळा सातवीपर्यंत, पण या कारखान्यात वीस वर्षं काढलेली. बेल्ट किंवा सोयाबीन वर चढवणारा एलिव्हेटर थांबला की ते लॅपटॉप उघडायचे, हिरवी रेघ तुटली तिथं बोट ठेवायचे, "हितं हाय बगा" म्हणायचे आणि पाना घेऊन निघायचे.

उन्हाळ्यात माल कमी होता. मी साहेबांच्या मागे लागून परवानगी काढली आणि तीन आठवड्यांत सगळा प्रोग्रॅम नव्या पद्धतीनं, इंग्रजी ओळींमध्ये लिहिला. भिंतभर पसरेल असं लॅडर चार पानांत बसलं. काकांना दाखवलं.

"चांगलं हाय, म्याडम," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला ते कौतुक वाटलं.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मी नांदेडला आले होते. सीझन भरात, कारखाना सुरूच. वंदना आटोपून आई खीर वाढत होती, तेवढ्यात काकांचा फोन.

"म्याडम, एलिव्हेटर बंद पडलाय. गाड्या गेटच्या बाहेर लागल्यात."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"निस्ती विंग्रजी दिसून राहिली. कायबी कळंना."

"वाचून दाखवा बरं."

मग ते एकेक अक्षर वाचायला लागले. आय... एफ... मागून कुणीतरी त्यांच्यावर ओरडत होतं. मला ऐकवेना.

"राहू द्या काका. मी निघाले."

लोह्यापर्यंत बसमध्ये उभीच होते. पुढे जागा मिळाली तर बसवेना. अख्खा प्रोग्रॅम मनातल्या मनात चालवून बघत होते. दर वेळी तो बरोबरच निघत होता, आणि त्याचाच राग येत होता.

लातूरला पोचले तेव्हा चार वाजले होते. लॅपटॉपवर दोन मिनिटांत दोष सापडला. एलिव्हेटरच्या तळाशी एका सेन्सरवर भुसा साचला होता. काकांनी तो फडक्यानं पुसला आणि बेल्ट फिरायला लागला. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"अकरा सेन्सर हायेत," ते म्हणाले. "एकेक खोलून बगत व्हतो. सात झाले. ह्यो नववा निघाला."

"काका, मला सांगायचं ना. मी शिकवलं असतं."

"बदलायच्या आदी तुमी इच्यारलं व्हतं का मला?"

आवाज चढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी बेल्ट, एलिव्हेटर, मोटारी परत लॅडरमध्ये आणल्या. सोयाबीन वाळवणाऱ्या ड्रायरमधल्या ओलाव्याचं गणित तेवढं ओळींत ठेवलं. ते शिडीत खरंच बसत नाही. साहेब म्हणाले, "मागं कशाला चाललीस?" म्हटलं, "बिघडल्यावर जो दुरुस्त करणार, त्याला ते वाचता यायला पाहिजे."

काकांनी त्या उरलेल्या ओळी शिकून घ्यायच्या ठरवल्या. रोज डबा खाऊन झाला की वही घेऊन यायचे. आठेक दिवसांनी एका ओळीवर थांबले.

"म्याडम, हितं 'पेक्षा कमी' पायजे न्हाई का?"

पाहिजे होतं. सहा महिने ती चूक माझ्या नजरेला पडली नव्हती.

म्हणून माझा जीव इथं रमला, असं मात्र नाही. मैत्रीण फोनवर विचारते, "अजून लॅडरच?" तर दिवसभर कामात लक्ष लागत नाही. परवा पुण्याला एक अर्ज पाठवला. उत्तर आलेलं नाही. इकडे ड्रायरच्या ओळींना मराठीत टिपा लिहायला घेतल्यात, निम्म्या झाल्यात.