खोळ नसलेले जंतू

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. जबलपूरला शिकून मी मारेगावच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो होतो. मुकुटबनकडच्या एका खेड्यात घटसर्पाची, म्हणजे गुरांचा गळा सुजवून मारणाऱ्या रोगाची, लस टोचून आलो आणि आठवडा उलटायच्या आत निरोप आला, टोचलेला एक बैल मेला.

नवऱ्यामागे सगळी शेती स्वतः पाहणाऱ्या एका बाईंचा तो बैल. मी पोचलो तेव्हा गोठ्यासमोर माणसं जमली होती. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. बैलाच्या नाकातून काळं रक्त वाहिलं होतं.

"डाक्टरसाहेब, सुईत काय व्हतं?" बाईंनी विचारलं.

"रोगाचेच जंतू, मावशी. पण मेलेले."

"मेलेले व्हते तं बैल काहून मेला?"

नेमकी तेव्हाच मला वर्गात ऐकलेली उंदरांची गोष्ट आठवली. काही जंतूंच्या अंगावर बुळबुळीत खोळ असते. तिच्यामुळे शरीराला ते गिळता येत नाहीत, म्हणून ते जीव घेतात. बिनखोळीचे निरुपद्रवी. पण खोळवाले मारून जिवंत बिनखोळीच्या जंतूंत मिसळले आणि उंदराला टोचले, तर उंदीर मेला. त्याच्या रक्तात खोळवाले जंतू जिवंत सापडले. खोळ विणायची विद्या मेलेल्यांकडून जिवंतांकडे गेली होती. वर्गात मजेची वाटलेली ही गोष्ट आता नकोशी वाटली. माझ्या बाटलीतल्या मेलेल्यांनीही असंच काही केलं नसेल कशावरून?

बैलाच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि बजावलं, "कातडं सोलू नका, रोग पसरेल. खोल खड्डा करून चुना टाकून गाडायचं."

बाईंचा दीर पुढे आला. "आपला गुन्हा गाडून राह्यले तुमी."

"थांबा भाऊजी," बाई म्हणाल्या. "रक्तात काय निघते ते पाहू. तवर कोणी हात लावू नका. मी बी यायच्यासंग जातो."

दवाखान्यात काच रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. घटसर्पाचे जंतू बारीक असतात. इथे निळ्या, जाड काड्या ओळीनं दिसत होत्या आणि भोवती गुलाबी खोळ. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स! तो रोग मातीतून, चाऱ्यातून आला होता. माझ्या सुईतून नाही. मी लगेच बाईंना पाहायला लावलं.

त्यांनी बराच वेळ डोळा लावला. "हे तुमच्या काचेत हाये. माह्या बैलात व्हतं कशावरून?"

"रक्त तुमच्यासमोरच घेतलं ना?"

"घेतलं खरं. गाडा मंग. पण मी पाहीन."

आणि खड्डा भरेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

पुढे काळपुळीची लस आली. बाईंनी आधीच विचारलं, "याच्यात मेलेले का जिते?"

"जिवंत. पण त्यांच्या अंगावर खोळ नाही."

"अन् खोळ वापस आली तं?"

माझ्याही मनात तेच होतं. "येत नाही, असं वाचलंय," मी म्हणालो.

"वाचलंय म्हणता! पयले तुमच्या गायीले टोचा."

आमच्या दुभत्या गायीला त्यांच्यासमोर टोचलं. नंतर रोज सकाळी चहाआधी मी गोठ्यात जाऊन ताप आहे का म्हणून तिचे कान चाचपत असे. बायको म्हणाली, "तुमचाच विश्वास दिसत नाही." गायीच्या मानेवर थोडी सूज आली आणि उतरली. बाजाराला आलेल्या बाईंनी तिची मान स्वतः दाबून पाहिली, मगच आपली जनावरं टोचून घेतली. त्यांतलं एकही दगावलं नाही.

दिरानं मात्र आपली बैलजोडी लपवली होती. बाईंनीच मला हळूच सांगितलं, "नाल्यापल्याड बांधली हाये. चला."

आम्ही गेलो. दीर बांधावर हाताची घडी घालून उभा राहिला. बैल बुजला तेव्हा त्यानं पुढे होऊन वेसण धरली आणि टोचून होईपर्यंत सोडली नाही.