तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

...आणि ती खुर्ची बसवली त्या दिवशी मावशींनीच सुताराला चहा पाजला होता, हे सांगायचं राहूनच गेलं. सरकारी वसाहतीतली उंच इमारत, लिफ्ट कायमची बंद, आणि सुताराची आई राहते सहाव्यावर. म्हातारीला मध्ये टेकायला म्हणून त्याने तिसऱ्या मजल्यावर, जिना वळतो तिथे, भिंतीला खुर्ची ठोकून दिली. हौसेने हातबीत लावलेली! नेमकी मावशींच्या दाराशी. "पुण्याचं काम केलंस रे बाबा," मावशी म्हणाल्या.

ते पुण्य मावशींच्याच झोपेच्या मुळावर आलं. त्या दवाखान्यात रात्रपाळीच्या आया. सकाळी घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच बेल. जो तो खुर्चीवर टेकायचा, आणि टेकला की त्याला तहान लागायची. बेलही कशी, बसल्या जागेवरून हाताला येणारी! "मावशी, घोटभर पाणी." पाणी दिलं की मागोमाग सुनेचं गाऱ्हाणं. वरच्या मजल्यावरचा पोस्टमन तर तांब्या रिकामा करून म्हणाला, "मावशी, फार थकलेल्या दिसता. झोपत जा जरा." आता बोला!

नाही म्हणायला मावशींची जीभ वळत नसे. शेवटी एका पहाटे रोग्याला उठवताना झोपेच्या गुंगीत त्यांची पकड सुटली. म्हातारा पडता पडता वाचला, पण सिस्टरने बजावलं, "पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नका." घरी पोचताच मावशींनी वसाहतीच्या कचेरीत फोन लावला. जिन्यात खुर्चीची अडचण होते, काढून न्या. नाव काही सांगितलं नाही.

लिफ्टसाठी अख्ख्या इमारतीने घसा फोडला तेव्हा कुत्रं फिरकलं नव्हतं. खुर्चीसाठी साहेब दुसऱ्याच दिवशी हजर! धापा टाकत तिसऱ्यावर आले, बसले खुर्चीवरच, आणि दाबली बेल.

मावशी डोळे चोळत पाणी घेऊन आल्या. तेवढ्यात सुताराची आई भाजीची पिशवी ओढत खालून आली. खुर्चीत साहेब, म्हणून बिचारी पायरीवरच बसली.

"खुर्चीबद्दल तक्रार आलीय," साहेब म्हणाले.

"कोण तो करंटा?" म्हातारी कडाडली. "दाखवा मला, त्याच्या दारात ठाण मांडते!"

"चिडू नका आजी. विचारायलाच आलोय. या सामायिक जागेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

"अरे, ही खुर्ची आहे म्हणून मी खाली उतरते. ती गेली की मी वरच अडकले, चार खांदेकरी येईपर्यंत."

साहेब दाराकडे वळले. "आणि मावशी, तुम्ही?"

मावशींनी चौकटीला डोकं टेकलं. काम सुटण्याची धास्ती होती, झोप तर पापण्यांवर बसलेली, आणि समोर म्हातारीचे सुजलेले पाय.

"आजी, तो करंटा मीच. खुर्ची राहू द्या साहेब, माझी बेल तेवढी उपटून न्या. आणि ज्याला तहान लागेल त्याने पाणी आपल्या घरून आणावं. मी आता झोपते."